कागदामागचे सत्य पाहणारे न्यायाधीश : न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे





जानेवारी महिना आला की आपल्या शाळेच्या फळ्यावर थोर व्यक्तींची नावे एकामागून एक येऊ लागतात. ३ तारखेला सावित्रीबाई फुले, १२ तारखेला स्वामी विवेकानंद, २३ तारखेला नेताजी सुभाषचंद्र बोस. याच महिन्यात आणखी एका थोर पुरुषाचे दोन दिवस अगदी जवळजवळ येतात. १६ जानेवारी ही न्यायमूर्ती रानडे यांची पुण्यतिथी आणि १८ जानेवारी ही त्यांची जयंती. मागच्या आठवड्यात मी नववीच्या वर्गात रानडे कोण होते असे विचारले. उत्तरे चांगली आली. समाजसुधारक होते, प्रार्थना समाजाचे होते, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते, काँग्रेसच्या स्थापनेच्या काळातले होते. सगळी उत्तरे बरोबर. पण त्यांना न्यायमूर्ती का म्हणतात, या प्रश्नावर वर्ग गप्प झाला. एका मुलाने भीत भीत सांगितले की ते न्यायाधीश होते. न्याय कोणाला दिला, हे मात्र कोणालाच सांगता आले नाही.

हा लेख त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे. माझे शालेय आणि महाविद्यालयीन शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी मी घरात आणि आपल्या इंदूरच्या मराठी मंडळींत शिकले. तेव्हा भाषेत काही चूक आढळली तर मोठ्यांनी सांभाळून घ्यावे.

आधी घरची एक गोष्ट सांगते. माझे वडील निवृत्त झाल्यावर त्यांच्या एका ओळखीच्या गृहस्थाने कर्ज काढले. वडिलांनी जामीन म्हणून सही केली. कागद इंग्रजीत होते, बारा-पंधरा पाने होती, आणि सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारलेली होती. वडिलांना हिंदी आणि मराठी उत्तम येत असे. पण इंग्रजी येत नाही हे चार लोकांत सांगायची त्यांना लाज वाटली. तीन वर्षांनी त्या गृहस्थाचे हप्ते थकले आणि नोटीस आमच्या घरी आली. आई-वडिलांच्या म्हातारपणाच्या पुंजीतला मोठा भाग त्यात गेला. वडील तेव्हा वारंवार एकच सांगत, की सही माझीच आहे, मग तक्रार कोणत्या तोंडाने करू? पुढे रानड्यांचे चरित्र वाचताना मला कळले की वडिलांच्या या प्रश्नाचा विचार एका माणसाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी न्यायासनावर बसून केला होता.

निफाड ते पुणे

महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील गोविंदराव सरकारी कचेरीत नोकरीला होते. पुढे ते कोल्हापूर संस्थानच्या सेवेत गेले आणि महादेवाचे बालपण कोल्हापुरात गेले. अंगाने स्थूल, स्वभावाने शांत, बोलायला मंद असा हा मुलगा पुढे काही विशेष करील असे कोणाला वाटत नसे. पण मुंबईला एल्फिन्स्टन संस्थेत शिकायला गेल्यावर त्याची बुद्धी दिसून आली. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. तीत जे २१ विद्यार्थी उत्तीर्ण झाले त्यांत महादेव होता. १८६२ साली विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले, त्यांत रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघे होते. १८६४ साली एम.ए. आणि १८६६ साली कायद्याची पदवी रानड्यांनी मिळवली. रात्रंदिवस वाचनाने त्यांच्या डोळ्यांना जो त्रास झाला तो जन्मभर पुरला.

काही काळ त्यांनी अक्कलकोट संस्थानात कारभारी म्हणून आणि कोल्हापुरात न्यायाधीश म्हणून काम केले. मग एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक झाले. १८७१ च्या अखेरीस त्यांची पुण्याला पहिल्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली. वय अवघे २९ वर्षांचे. त्या काळी हिंदी माणसाला इतक्या कमी वयात ही जागा मिळणे मोठेच होते.

पुण्यात १८७० साली सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना सगळे सार्वजनिक काका म्हणत, ते तिचे प्राण होते. रानडे आले आणि सभेला विचार करणारे डोके मिळाले. सभेने गावोगावी शेतकऱ्यांच्या परिस्थितीची माहिती गोळा केली. शेतसारा किती, पीक किती, कर्ज किती, जमीन कोणाकडे गेली, असे आकडे जमवून सरकारपुढे अर्ज केले. केवळ भावनेने बोलायचे नाही, आधी माहिती मिळवायची, ही रानड्यांची शिस्त होती. आमच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पाच्या कॉपीत ही गोष्ट पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

कर्जरोखे जाळणारे शेतकरी

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजाराच्या गावी आसपासचे शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर हल्ला केला. त्यांनी प्रामुख्याने हिसकावून घेतले ते कागद, म्हणजे हिशेबाच्या वह्या आणि कर्जरोखे. ते बाहेर आणून त्यांची होळी केली. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. काही ठिकाणी घरे जळाली, मारहाण झाली. पण बहुतेक गावांत कागद हाती पडला की जमाव शांत होत असे. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

माणसे पैसा सोडून कागदावर का तुटून पडली? हे समजायला त्या वेळचे कायदे पाहावे लागतात.

जुन्या काळी आपल्याकडे दामदुपटीचा रिवाज होता. एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ द्यायचे नाही, म्हणजे शंभराचे फार तर दोनशे. १८५५ साली सरकारने व्याजाच्या दरावरची कायद्याची मर्यादा काढून टाकली. १८५९ साली मुदतीचा कायदा आला आणि साध्या कर्जरोख्यावर दावा करायची मुदत तीन वर्षांची झाली. हेतू चांगला होता, जुनी कर्जे पिढ्यान्‌पिढ्या उगाळली जाऊ नयेत असा. परिणाम मात्र उलटा झाला. तीन वर्षे भरत आली की सावकार कुळाकडून नवा रोखा लिहून घेई, आणि त्या नव्या रोख्यात जुने व्याज मुद्दल म्हणून लिहिले जाई.

आता विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल घ्यावी. शंभर रुपये कर्ज, दरमहा शेकडा दोन रुपये व्याज असे धरू. तीन वर्षांचे व्याज ७२ रुपये झाले. नवा रोखा १७२ रुपयांचा. आणखी तीन वर्षांनी तो २९५ रुपये ८४ पैशांचा. आणखी तीन वर्षांनी ५०८ रुपये ८४ पैशांचा. रोखा बदललाच नसता तर नऊ वर्षांचे सरळ व्याज धरून ३१६ रुपये झाले असते. दामदुपटीने २०० वर थांबले असते. दर तोच आणि मुद्दलही तेच, तरी केवळ कागद तीन वेळा नवा लिहिल्याने २०० चे ५०८ झाले. शेवटच्या रोख्यावर तर असे लिहिलेले असे की शेतकऱ्याने ५०८ रुपये रोख घेतले.

शेतकऱ्याला लिहिता-वाचता येत नसे. त्याच्या नावापुढे नांगराची निशाणी काढली जाई. दिलेल्या पैशाची पावती मिळत नसे. सावकार दावा लावी, कोर्ट तालुक्याच्या गावी, समन्स कधी पोहोचे कधी पोहोचत नसे. शेतकरी हजर न राहिल्याने दावा एकतर्फी निकाली निघे. हजर राहिला तरी न्यायाधीश विचारी, निशाणी तुझी आहे का? तो हो म्हणे, आणि हुकूमनामा होई. मग जमीन, बैल, घर यांची जप्ती, आणि प्रसंगी तुरुंग. कोर्टापुढे कागद हेच सत्य होते. म्हणूनच तो कागद जाळावा असे त्या माणसांना वाटले.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. सावकार म्हणजे सगळे दुष्ट, असे रानड्यांनी कधी मानले नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वेळी, १८६१ ते १८६५ या काळात, कापसाला सोन्याचा भाव आला आणि कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपले, भाव कोसळले. त्यानंतर सरकारने अनेक तालुक्यांत शेतसारा वाढवला. सारा ठरलेल्या तारखेला रोख भरायचा, पीक आले असो वा नसो. तो भरायला शेतकऱ्याजवळ सावकाराशिवाय दुसरे दार नव्हते. दोष एका जातीचा किंवा एका धंद्याचा नाही, व्यवस्थेचा आहे, आणि तिच्यात सरकारचाही वाटा आहे, ही रानड्यांची आणि सार्वजनिक सभेची भूमिका होती.

कायदा आणि संशय

दंग्यांची चौकशी करायला सरकारने आयोग नेमला. मधल्या काळात १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला आणि शेतकरी आणखी खचला. शेवटी १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. इंग्रजीत त्याला डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट म्हणत. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत तो लागू झाला.

हा कायदा रानड्यांनी लिहिला नव्हता. उलट तो होत होता तेव्हा ते स्वतः सरकारच्या संशयाखाली होते. १८७८ साली त्यांची पुण्याहून नाशिकला बदली झाली होती. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाने पुणे हादरले आणि रानड्यांना आणखी दूर, धुळ्याला पाठवण्यात आले. पुण्यातील शिकलेल्या मंडळींची या बंडाला फूस असावी असे काही अधिकाऱ्यांना वाटत होते. धुळ्यास रानड्यांचा टपाल तपासला जात असे. त्यांनी राजीनामा दिला नाही, आदळआपट केली नाही, आपले काम चोख केले. संशय आपोआप निवळला. १८८१ साली मुंबईत काही काळ मॅजिस्ट्रेटचे काम केल्यावर सरकारने त्याच नव्या कायद्याखाली त्यांना साहाय्यक विशेष न्यायाधीश नेमले. ज्याच्यावर पाळत ठेवली त्याच्याच हाती शेतकऱ्यांचा कायदा आला.

त्या कायद्यात काय होते ते सोप्या शब्दांत सांगते.

पहिली आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे कर्जाचा दावा आला की न्यायाधीशाने केवळ शेवटच्या रोख्यावर थांबायचे नाही. देणेकऱ्याने देणे कबूल केले तरीसुद्धा व्यवहाराच्या अगदी सुरुवातीपर्यंत मागे जायचे. पहिल्यांदा हातात रोख किती दिले, नंतर फेड किती झाली, हे शोधायचे. मुद्दल आणि व्याज यांचा हिशेब वेगळा मांडायचा आणि साचलेले व्याज मुद्दलात मिसळू द्यायचे नाही.

दुसरी गोष्ट, कर्ज फिटले नाही म्हणून शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचे नाही. तिसरी, जी जमीन स्पष्टपणे गहाण लिहून दिलेली नाही ती साध्या कर्जासाठी जप्त करायची नाही. चौथी, फेडीसाठी हप्ते बांधून देण्याचा अधिकार कोर्टाला. पाचवी, शेतकऱ्याचे दस्तऐवज गावच्या रजिस्ट्रारासमोर लिहिले जावेत आणि नोंदले जावेत. सहावी, फेडीची पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा देणेकऱ्याला हक्क. सातवी, दाव्याची मुदत वाढवली, नोंदलेल्या दस्ताला बारा वर्षे आणि इतरांना सहा वर्षे, म्हणजे तीन-तीन वर्षांनी रोखा बदलण्याचे निमित्त उरले नाही. याशिवाय किरकोळ दाव्यांसाठी गावमुनसफ आणि कोर्टात जाण्याआधी समेट घडवणारे पंच अशी योजना होती.

गावोगावचा न्याय

कायदा झाला म्हणजे न्याय झाला असे नाही. खालच्या कोर्टांतील न्यायाधीश जुन्या सवयीने रोखा पाहून हुकूमनामा देत. म्हणून या कायद्याखालच्या अनेक दाव्यांत अपील नसले तरी विशेष न्यायाधीशाने कोर्टांचे दप्तर तपासायचे आणि चूक दिसली तर दुरुस्त करायची, अशी व्यवस्था होती. रानडे हेच काम करीत. पुणे आणि सातारा जिल्ह्यांतील तालुक्यांच्या गावी ते वर्षातील पुष्कळ दिवस फिरत असत. प्रवास बैलगाडीने, टांग्याने, मुक्काम तंबूत किंवा धर्मशाळेत. पत्नी रमाबाई पुष्कळदा बरोबर असत.

तालुक्याच्या कोर्टात बसून एकेक दावा उघडायचा. रोखा किती सालचा? त्याआधीचा रोखा कुठे आहे? वही दाखवा. या रकमेतली रोख किती आणि व्याज किती? शेतकऱ्याने धान्य घातले, कडबा घातला, त्याची किंमत जमा धरली का? हे काम कंटाळवाणे होते. त्यात टाळ्या नव्हत्या. पण एखाद्या घरची चार एकर जमीन राहते की जाते, हे त्या वहीतल्या एका ओळीवर ठरत होते. मोठे भाषण करणारे रानडे आपल्याला माहीत आहेत. तंबूत बसून व्याजाची बेरीज तपासणारे रानडेही तितकेच मोठे आहेत.

१८८५ साली ते मुंबई कायदे मंडळात नेमले गेले. १८८६ साली हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची तपासणी करणाऱ्या समितीवर त्यांना घेतले आणि त्यासाठी ते सिमल्याला गेले. १८८७ पासून ते या कायद्याखालचे मुख्य विशेष न्यायाधीश झाले आणि १८९३ पर्यंत त्या जागेवर राहिले. मधल्या थोड्या खंडासह आयुष्यातील दहाहून अधिक वर्षे त्यांनी कर्जदार शेतकऱ्यांच्या या एका कामाला दिली.

याच काळात घरातही एक शाळा चालू होती. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८७३ साली वडिलांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी लहान वयाच्या रमाबाईंशी विवाह केला. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्याने असे करावे, ही टीका त्यांना जन्मभर ऐकावी लागली, आणि ती खोटी नव्हती. थोर माणसांच्याही हातून असे घडते, हे मुलांपासून लपवू नये. पण त्यांनी रमाबाईंना शिकवले, सभेत उभे केले, आणि त्याच रमाबाई पुढे पुण्याच्या सेवासदनाच्या आधारस्तंभ झाल्या. मुलींसाठी १८८४ साली पुण्यात निघालेल्या हुजूरपागा शाळेच्या स्थापनेतही रानडे अग्रभागी होते. जो वाचू शकत नाही तो फसतो, हे रोज कोर्टात पाहणाऱ्या माणसाने शाळा काढाव्यात यात मला नवल वाटत नाही.

कायद्याच्या पलीकडे

हा कायदा सर्व दुखण्यांवर औषध ठरला असे म्हणणे खरे होणार नाही. काही सावकारांनी गहाणखताऐवजी सरळ विक्रीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. कागदावर विक्री, प्रत्यक्षात कर्ज. त्यावर पुढे कायद्यात दुरुस्ती करून अशा खतांच्या मागचा खरा व्यवहार पाहण्याचाही अधिकार कोर्टांना द्यावा लागला. समेटाच्या पंचांची योजना फारशी यशस्वी झाली नाही. कर्ज देणेच काही ठिकाणी आखडले.

रानड्यांना ही मर्यादा दिसत होती. नुसत्या बंदीने माणसाची गरज संपत नाही. बियाणे हवे, बैल हवा, सारा भरायचा आहे, तर पैसा कुठून तरी लागणारच. तो वाजवी दराने मिळण्याची सोय केली पाहिजे. विल्यम वेडरबर्न या सहृदय इंग्रज न्यायाधीशाने शेतकी बँकेची योजना मांडली आणि पुरंदर तालुक्यात तिचा प्रयोग करावा असे ठरत आले. रानड्यांचा तिला पूर्ण पाठिंबा होता. हिंदुस्थान सरकार अनुकूल होते, पण लंडनमधील भारतमंत्र्यांनी ती योजना नामंजूर केली. रानडे थांबले नाहीत. १८९१ साली पुण्याच्या औद्योगिक परिषदेत त्यांनी ग्रामीण पतपुरवठ्याची नवी रचना या विषयावर निबंध वाचला. प्रशियासह युरोपातील देशांनी शेतकऱ्याला स्वस्त भांडवल कसे मिळवून दिले ते त्यात मांडले. १८९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अर्थशास्त्रावरील निबंधसंग्रहात तो आहे.

याच सुमारास, १८८९ साली, वडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने अन्योन्य सहकारी मंडळी स्थापन झाली. भारतातील पहिल्या सहकारी पतसंस्थांत तिची गणना होते. आपल्यासारख्याच महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी माणसाने, कायदा नसताना, एकमेकांच्या विश्वासावर हे काम उभे केले, हे आपल्या वाचकांनी अभिमानाने लक्षात ठेवावे. सहकारी पतसंस्थांचा कायदा देशात १९०४ साली आला. तो पाहायला रानडे नव्हते.

१८९३ साली काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनाने मोकळ्या झालेल्या जागेवर रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. काम, वाचन, लेखन, सामाजिक परिषद, मराठ्यांच्या सत्तेचा इतिहास, असे सात वर्षे अखंड चालू राहिले. प्रकृती ढासळत गेली. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर होता.

आज आपल्यासाठी

वडिलांचा प्रश्न होता, की सही माझीच आहे, मग तक्रार कशी करू? रानड्यांच्या कामातून मिळणारे उत्तर असे, की सही हा व्यवहाराचा एक भाग आहे, सगळा व्यवहार नव्हे. एका बाजूला सगळे जाणणारा आणि दुसऱ्या बाजूला गरजेने बांधलेला, वाचू न शकणारा असेल, तर त्या दोघांतील करार कागदावर बरोबरीचा दिसला तरी बरोबरीचा नसतो. अशा वेळी कायद्याने कागदामागे पाहिले पाहिजे.

हा विचार आता आपल्या कायद्यांत निरनिराळ्या रूपांत आहे. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला आणि त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या कायद्याने ग्राहकावर लादलेल्या अन्यायकारक करारांविरुद्धही दाद मागण्याची सोय केली. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, ज्याला आपण रेरा म्हणतो, घराचा नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई केली. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात अशी तरतूद आहे, की सांभाळ करण्याच्या अटीवर म्हाताऱ्या माणसाने घर लिहून दिले आणि नंतर सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतर रद्द करून मागता येते. आणि रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना लागू केलेल्या नियमाप्रमाणे कर्ज देणाऱ्याने एकूण खर्च, व्याज, शुल्क यांचा एक सोपा गोषवारा कर्जदाराला समजेल अशा भाषेत दिला पाहिजे. माझ्या वडिलांना तो कागद मिळाला असता तर त्यांनी तो नक्की वाचला असता.

पण सुप्याच्या शेतकऱ्यांनंतर कायदा झाला, तरी तो जिवंत ठेवायला रानड्यांना गावोगाव फिरावे लागले. तसेच आजचे कायदेही आपोआप घरी चालत येत नाहीत. आपण विचारले पाहिजे, मागितले पाहिजे, वाचले पाहिजे.

म्हणून या वर्षी रानडे जयंतीला आपण हार आणि भाषण यांबरोबर एक छोटे काम करणार आहोत. नववी आणि दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील आजी-आजोबांपैकी किंवा शेजारच्या एखाद्या वृद्ध व्यक्तीजवळ बसावे. त्यांच्याकडे बँकेचा, विम्याचा, घराचा, जामिनाचा जो कागद असेल तो त्यांच्या परवानगीने मोठ्याने वाचून दाखवावा, आणि मराठीत किंवा हिंदीत अर्थ सांगावा. जो शब्द कळणार नाही तो कॉपीत लिहून आणावा. वाणिज्य विभागाचे शिक्षक आणि आपल्या विश्वस्त मंडळातील वकील मंडळी शनिवारी त्या शब्दांचे अर्थ सांगतील. कोणाचे नाव, खाते क्रमांक किंवा रक्कम शाळेत आणायची नाही, फक्त न समजलेले शब्द आणायचे.

पालकांना एक विनंती. मुलांसमोर सही करताना आधी वाचा. वाचता येत नसेल तर वाचून घ्या. घाई करणाऱ्याला सांगा की उद्या या. इंग्रजी येत नाही हे सांगण्यात कसलीही लाज नाही. माझ्या वडिलांना हे सांगायला त्या वेळी कोणी नव्हते. तुमच्या घरी तुमची मुले आहेत आणि ती आपल्या शाळेत वाचायला शिकली आहेत.

आपली स्नेहांकित,
प्राचार्या